राज्यप्राणी मोजला जातो, राज्यफूल लावलं जातं

महाराष्ट्राच्या मानचिन्हांच्या यादीत हरियाल, आंबा, नीलवंत फुलपाखरू आणि पांढरी चिपी यांच्याबरोबर दोन नावं ओळखीची आहेत: शेकरू आणि ताम्हण. शेकरूच्या नावाने अभयारण्य ओळखलं जातं, त्याची गणना होते, त्याची घरटी मोजली जातात. ताम्हणाचं नशीब निराळं. त्याची रोपं रोपवाटिकेत वाढतात, रस्त्याच्या दुभाजकावर उभी राहतात आणि महाराष्ट्र दिनाच्या सुमारास जांभळी फुलं आली की त्यांचे फोटो सगळीकडे फिरतात. प्राण्याचा आकडा वाढला की संवर्धन झालं, झाडाची रोपं लागली की संवर्धन झालं, असा हिशेब गेली कित्येक वर्षं चालू आहे. माझं म्हणणं असं की हे दोन्ही हिशेब एकाच जागी चुकतात. शेकरूला लागतं ते एकमेकांत गुंतलेल्या फांद्यांचं छत. ताम्हणाला लागतो ओढ्याचा जिवंत, मातीचा काठ. सह्याद्रीत या दोन गोष्टी बऱ्याचदा एकाच पट्ट्यात येतात आणि त्या पट्ट्याची मोजदाद कोणीच करत नाही.

आधी शेकरूकडे पाहू. रातुफा इंडिका ही फक्त भारतात आढळणारी मोठी खार. खारींमध्ये ती अवाढव्य, तरी एकूण सस्तन प्राण्यांच्या मापाने लहानच: वजन दीड ते दोन किलो आणि नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे 1 मीटर, त्यात अर्ध्याहून अधिक शेपटी. भीमाशंकरच्या शेकरूची पाठ तांबूस किरमिजी, पोट पिवळसर पांढरं आणि शेपटीचं टोक फिकट. हा प्राणी दिवसा वावरतो, बहुतेक एकटा असतो आणि खायला, झोपायला, पिल्लं वाढवायला झाडावरच राहतो. जमिनीवर तो क्वचित आणि नाइलाजाने उतरतो. आंबा, जांभूळ, उंबर, हिरडा यांची फळं आणि बिया, कोवळी पालवी, फुलं, साल, कधी किडे किंवा पक्ष्यांची अंडी असा त्याचा आहार ऋतूप्रमाणे बदलत राहतो. वर्षभर पोट भरायचं तर त्याला अनेक जातींची झाडं लागतात, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जायला वरचा रस्ता अखंड लागतो.

या वरच्या रस्त्याला मोजमाप आहे. शेकरू साधारण 6 मीटरपर्यंत झेप घेतं. पण ही झेप उंच फांदीवरून खालच्या लवचीक डहाळ्यांच्या झुबक्याकडे असते. दोन्ही बाजूंची झाडं सारख्या उंचीची असतील, किंवा पलीकडच्या झाडाच्या बाजूच्या फांद्या छाटल्या असतील, तर 4 मीटरचं अंतरही जड जातं. आता दुपदरी रस्ता घ्या. डांबरी पट्टाच 7 मीटरचा. साइडपट्ट्या आणि गटारं धरली की 10 ते 12 मीटर आकाश उघडं पडतं. 132 किलोव्होल्टच्या वीजवाहिनीला 27 मीटर रुंदीची मोकळी पट्टी लागते, 220 किलोव्होल्टला 35 मीटर. रस्ता किंवा वाहिनी आखताना तोडायच्या झाडांची संख्या लिहिली जाते, पण छत कुठे आणि किती मीटर तुटलं याचा रकाना त्या अहवालात नसतो. शेकरूच्या दृष्टीने नुकसानाचं खरं एकक तेच आहे. जंगलात विखरून तोडलेली 200 झाडं त्याला चालतील, पण एका ओळीत तोडलेली 40 झाडं जंगलाचे दोन तुकडे करतील.

तुटलेलं छत दोरीच्या पुलांनी सांधता येतं. तमिळनाडूत वालपराईला सिंहपुच्छ वानरांसाठी रस्त्यावर असे पूल बांधले गेले आहेत. आपल्याकडे हा उपाय सुचवला जातो तेव्हा पूल बांधणं सोपं आणि टिकवणं कठीण, हे विसरलं जातं. नायलॉन उन्हाने ठिसूळ होतो. खोडाला थेट आवळलेली दोरी खोड जाड होऊ लागलं की सालीत रुतते आणि ते झाडच मरणाला लागतं. म्हणून दोरीखाली रुंद पट्टा आणि सैल करता येणारी गाठ हवी. वाऱ्यात दोन झाडं वेगवेगळ्या तालाने हलतात, तेव्हा ताठ ओढलेला पूल तुटतो. थोडा झोळ ठेवावा लागतो. उंच भरलेल्या ट्रकला अडणार नाही इतकी उंची लागते, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर अशी वर्षातून दोनदा कोणीतरी वर चढून पाहणी करावी लागते. हे करणारा माणूस आणि त्याचा खर्च ठरलेला नसेल तर पूल बांधू नये. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या झाडांच्या एकमेकांकडे झुकलेल्या फांद्या राखणं कधीही स्वस्त. वेलींचंही तसंच. गारंबीसारखी महावेल दोन झाडांना जोडून ठेवते, पण लाकडासाठी जंगल राखण्याच्या जुन्या पद्धतीत वेल म्हणजे झाडाची शत्रू, तोडून टाकायची. शेकरूच्या जंगलात ती सवय थांबवायला हवी.

कायद्याचा आधार वाटतो तितका भक्कम नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये शिकारीची व्याख्या बरीच व्यापक आहे. पण अंडी किंवा घरटं यांना धक्का लावणं ही शिकार, हे तिथे फक्त पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांच्यापुरतं लिहिलं आहे. सस्तन प्राणी झाडावर घरटं बांधतो हे मसुदा लिहिताना लक्षात आलं नसावं. अभयारण्यात अधिवास नष्ट करण्यावर वेगळी बंदी आहे, म्हणून तिथे ही त्रुटी जाणवत नाही. मालकीच्या रानात, देवराईत, गावच्या हद्दीतल्या झाडीत मात्र शेकरूचं घरटं असलेलं झाड तोडणं आणि शेकरू मारणं यांच्यात कायदा मोठा फरक करतो. भीमाशंकर अभयारण्य 1985 साली जाहीर झालं, त्याचं क्षेत्र 130.78 चौरस किलोमीटर. शेकरू त्या रेषेपाशी थांबत नाही. ज्या सस्तन प्राण्यांची पिल्लं झाडावरच्या घरट्यात वाढतात, त्यांच्या वापरात असलेल्या घरट्याला पक्ष्यांच्या घरट्याइतकंच संरक्षण देणारी एका वाक्याची दुरुस्ती पुरेशी आहे.

घरटं हे गणनेचंही साधन आहे आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. काटक्या आणि पानांचं मोठं गोल घरटं शेकरू बारीक फांद्यांच्या टोकाकडे बांधतं, म्हणजे जड शिकारी तिथवर पोचत नाही. पण एक शेकरू एकाच वेळी अनेक घरटी बाळगतं आणि सोडलेलं घरटंही बरेच महिने लटकत राहतं. घरटी मोजून त्याला शेकरूंची संख्या समजलं तर आकडा फुगतो. एका वर्षी पावसाळ्यापूर्वी आणि पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर मोजलं तर वादळवाऱ्याने पडलेली घरटी म्हणजे घटलेले प्राणी असा उलटा निष्कर्ष निघतो. पद्धत अशी हवी: दर वर्षी त्याच महिन्यात, कोरड्या दिवसांत, त्याच आखलेल्या वाटांवरून, सकाळी लवकर चालायचं; हिरवी किंवा नुकतीच सुकलेली पानं असलेली घरटी ताजी म्हणून वेगळी नोंदवायची; प्रत्यक्ष दिसलेल्या प्राण्यांची आणि वाटेपासून त्यांच्या अंतराची स्वतंत्र नोंद ठेवायची. असा आकडा लहान आणि कमी आकर्षक असतो, पण दहा वर्षांनी त्याची तुलना करता येते.

आता ताम्हण. लॅजरस्ट्रोमिया स्पेसिओसा, मेंदी आणि डाळिंबाच्या कुळातलं पानझडी झाड. कार्ल लिनियसने या झाडाच्या वंशाला (जीनसला) मॅग्नस फॉन लागरस्ट्रोम या स्वीडिश व्यापारी मित्राचं नाव दिलं. कोकणात आणि घाटाखालच्या पट्ट्यात ते जिथे आपणहून वाढतं ती जागा नेमकी आहे: नदीचा, ओढ्याचा ओलसर काठ. पानं गळण्यापूर्वी तांबडी होतात, एप्रिलपासून फांद्यांच्या टोकांना हातभर तुरे येतात, प्रत्येक फुलाला बहुधा सहा चुरगळलेल्या पाकळ्या आणि मधे पिवळ्या पुंकेसरांचा झुपका. लाकूड पाण्यात टिकतं, म्हणून होड्यांसाठी त्याला मान होता. या झाडाची ताकद काठाशी जोडलेली आहे. पुराच्या पाण्यात मुळं बुडाली तरी ते उभं राहतं आणि माती धरून ठेवतं.

या काठाचं काय झालं ते पाहिलं की राज्यफुलाची खरी स्थिती कळते. नाला खोलीकरण आणि रुंदीकरणाचं यंत्र काठावरूनच चालतं, आणि ते चालायला काठाची झाडी आधी साफ होते. खोदलेली माती काठावर टाकली जाते, त्याखाली रोपं गाडली जातात. शहरांत नदीला सिमेंटच्या भिंती मिळतात. त्यात ताम्हणाचं बी रुजण्याजोगी ओली, उघडी, उन्हातली माती उरत नाही. ताम्हणाच्या पंखवाल्या हलक्या बिया वाऱ्यावर पसरतात, पण बरंचसं बी पोकळ असतं. म्हणून पुष्कळ बी पडूनही थोडंच रुजतं, आणि ते थोडंसुद्धा पडायला योग्य जागा लागते.

इथे प्राणी आणि झाड यांच्यातला सगळ्यात महत्त्वाचा फरक येतो, आणि आपली धोरणं नेमकी याच फरकाकडे दुर्लक्ष करतात. शेकरूचा अधिवास बिघडला की काही वर्षांत ते दिसेनासं होतं. त्याचा खडखडाटी आवाज ऐकू येत नाही, ताजी घरटी दिसत नाहीत, गावकऱ्यांच्या लगेच लक्षात येतं. ताम्हणाचं तसं नाही. ज्या ओढ्यावर वीस वर्षांत एकही नवं रोप तगलं नाही, त्या ओढ्यावरही जुनी झाडं दर उन्हाळ्यात भरभरून फुलतात. पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. ती झाडं वयोमानाने पडू लागतात तेव्हा त्यांच्या मागे कोणी नसतं. फुलोरा म्हणजे संख्येची खात्री नव्हे. प्राण्यांच्या गणनेत पिल्लं आहेत की नाहीत हे आपण पाहतो, तसंच झाडाच्या बाबतीत पाहायला हवं.

ती पाहणी करायला महाग उपकरणं लागत नाहीत. ओढ्याचा 2 किलोमीटरचा तुकडा ठरवा, दोन्ही काठांवर 10 मीटर रुंदीत प्रत्येक ताम्हण चार गटांत नोंदवा: गुडघ्याखालची रोपं, गुडघ्यावरची पण छातीच्या उंचीवर 10 सेंटिमीटरपेक्षा कमी घेराची, 10 ते 60 सेंटिमीटर घेराची, आणि त्याहून मोठी. निरोगी काठावर पहिल्या गटात सर्वांत जास्त आणि पुढे पुढे कमी अशी उतरंड दिसते. फक्त शेवटचा गट भरलेला आणि पहिले दोन रिकामे असतील तर ती वस्ती म्हातारी आहे. तिथे कारण शोधायचं: गुरं चरतात का, वणवा काठापर्यंत येतो का, माती टाकली आहे का, की वाळू उपशाने काठच ढासळतो आहे. पहिला गट भरलेला पण दुसरा रिकामा असेल तर बी रुजतं आहे, रोप मात्र चराईत किंवा आगीत जातं. अशा ठिकाणी नवी लागवड करण्यापेक्षा दोन-तीन पावसाळे कुंपण घालणं जास्त फळ देतं. पाच वर्षांतून एकदा एवढी नोंद पुरे.

सरकारी यंत्रणेला मात्र लागवडीचा आकडा आवडतो. राज्याच्या वृक्षलागवड मोहिमेची उद्दिष्टं 2016 साली 2 कोटी, 2017 ला 4 कोटी, 2018 ला 13 कोटी आणि 2019 ला 33 कोटी अशी चढत गेली. नागरी भागातल्या वृक्षसंरक्षण कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीने तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावण्याचं बंधन घातलं. हेतू चांगला आहे, पण ओढ्याकाठच्या 60 वर्षांच्या ताम्हणाच्या बदल्यात माळावर लावलेली 60 रोपं ना काठ धरतात, ना छत जोडतात.

लागवड करायचीच तर ती नीट तरी व्हावी. पहिली अडचण ओळखीची. ताम्हण म्हणून घेतलेलं रोप दुसऱ्याच भावंडाचं निघू शकतं: एक चिनी मेंदी, जी झुडूपच राहते, आणि दुसरं परदेशी झाड, ज्याची गुलाबी-जांभळी फुलं दोन-तीन दिवसांत पांढरी पडतात आणि एकाच तुऱ्यात दोन रंग दिसतात. खऱ्या ताम्हणाची कळी हातात घेतली की तिच्यावर बारा-चौदा उभ्या कडा बोटाला लागतात, आणि सुकलेलं बोंड चांगलं 2 सेंटिमीटरचं, लाकडासारखं टणक असतं. बी शक्यतो त्याच खोऱ्यातल्या, एकमेकांपासून दूर असलेल्या निदान वीस-पंचवीस झाडांचं घ्यावं. एकाच झाडाच्या बियांची हजार रोपं म्हणजे एकाच घरातली हजार भावंडं. हिवाळ्यात बोंडं तपकिरी झाली की उमलायच्या आत काढावीत, दोन-तीन दिवस उन्हात ठेवली की ती सहा फाकांत उघडतात. बी रात्रभर पाण्यात भिजवून बारीक वाळूच्या पातळ थराखाली पेरावं. खोल पेरलं तर ते वर येत नाही. पोकळ बियांचा हिशेब धरून हव्या त्या रोपांच्या कित्येक पट बी टाकावं लागतं.

दुभाजकाबद्दल स्पष्टच सांगायला हवं. ओलसर काठाच्या झाडाला मीटरभर रुंदीच्या, खाली खडी-मुरूम दाबलेल्या पट्टीत लावणं ही त्याची शिक्षा आहे. दोन्हीकडून डांबराची धग लागते, मुळांना पसरायला जागा नसते, पानांच्या कडा करपतात, टँकरचं पाणी थांबलं की झाड खुरटतं. त्यात छाटणीची वेळ चुकते. ताम्हणाचे तुरे नव्या फुटीच्या टोकाला येतात. मार्च-एप्रिलमध्ये तारांना अडतात म्हणून शेंडे कापले की त्या वर्षीचा बहर गेला. छाटायचंच असेल तर बोंडं उकलल्यावर, नवी पालवी येण्याआधी छाटावं. शहरात ताम्हणाची जागा बागांत, तळ्यांच्या आणि नाल्यांच्या कडेला, किमान 60 सेंटिमीटर लांब-रुंद-खोल खड्ड्यात आणि दोन झाडांत 6 मीटर अंतर ठेवून.

वन्यजीव कायद्यात वनस्पतींचं स्वतंत्र प्रकरण 1991 च्या दुरुस्तीने आलं आणि पुढची तीस वर्षं त्याच्या अनुसूचीत सहा नोंदी होत्या: घटपर्णी, कुठ, एक सायकस आणि काही ऑर्किड. 2022 च्या दुरुस्तीने ती यादी वाढली, नीलकुरिंजी तीत आली. ताम्हण तिथे यावं असा आग्रह मी धरणार नाही. ती यादी उपटून विकल्या जाणाऱ्या वनस्पतींसाठी आहे आणि ताम्हणाला तो धोका नाही. त्याची जागा जाते आहे, आणि जागेचं संरक्षण प्रजातींच्या यादीतून मिळत नाही.

काही अभ्यासू मंडळी यावर म्हणतील की ताम्हण दुर्मीळ नाही, पैसा आणि माणसं मर्यादित आहेत, ती शेकरूसारख्या प्रतिनिधी प्राण्यावर लावली की बाकीचं जंगल आपोआप वाचतं. या युक्तिवादात तथ्य आहे, पण अर्धंच. शेकरूसाठी राखलेलं डोंगरमाथ्याचं जंगल ताम्हणाला फारसं उपयोगी नाही. ताम्हण खालच्या ओल्या पट्ट्यात, वस्ती आणि शेतीच्या अगदी लगत असतं, जिथे अभयारण्याची हद्द क्वचित पोचते. उलट अर्थी, दोघं एकमेकांवर जगतात अशी सोयीची कथाही रचू नये. ताम्हणाचं बी वारा पसरवतो, त्याला शेकरूची गरज नाही. शेकरूचं पोटही ताम्हणावर अवलंबून नाही. त्यांचा संबंध भूगोलाचा आहे. उतार तोडले, भातखाचरं झाली, घरं उठली, तरी शेवटपर्यंत झाडी टिकते ती ओढ्याच्या घळीत आणि देवराईत. आंबेगाव तालुक्यातल्या आहुप्याच्या देवराईसारखे गर्द तुकडे एकमेकांना जोडायचे तर ती जोडणी याच घळींतून होऊ शकते. घळीच्या वरच्या भागात जांभूळ, आंबा, उंबर, ताम्हणाचा भाऊबंद नाणा, खाली ताम्हण. वरचं टोक शेकरूच्या कामाचं, खालचं टोक ताम्हणाच्या, आणि मधला पट्टा तुटला की दोघांचंही नुकसान.

म्हणून मागणी एवढीच: शेकरूचा वावर असलेल्या तालुक्यांत ओढ्याच्या दोन्ही काठांवर 20 मीटरचा पट्टा नोंदवून राखावा आणि त्याचं एकक झाडांची संख्या न ठेवता अखंड छताची लांबी ठेवावी. 6 मीटरपेक्षा मोठी फट जिथे आहे तिथे नकाशावर खूण करावी आणि दर पाच वर्षांनी फटी कमी झाल्या की वाढल्या ते जाहीर करावं. फटीत लागवड करताना मिश्र झाडी लावावी, आणि ती छत होईपर्यंत दहा-पंधरा वर्षं जातील हे गृहीत धरावं. नाला खोलीकरणाच्या अंदाजपत्रकात यंत्र एकाच काठावरून चालवण्याची अट घालावी. दुसऱ्या काठाची झाडी वाचते आणि पुढे पहिल्या काठाला बीही तीच पुरवते.

हे काम शेतकऱ्याच्या डोक्यावर टाकून चालणार नाही. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपं करायची जमीन भाजण्यासाठी, घाटात दर वर्षी फांद्यांची टहाळी तोडली जाते आणि छत सर्वांत जास्त तिथेच विरळ होतं. राब बंद करा म्हणणं सोपं; त्याऐवजी गादीवाफ्यावर रोपं करण्याची आणि भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीतली भाताच्या तुसाच्या राखेची वाट महाराष्ट्रात आधीच आहे. ती राख आणि पहिल्या दोन हंगामांची हमी गावापर्यंत पोचवली, तर टहाळीसाठी झाडावर चढण्याचं कारण उरत नाही. हिरडा गोळा करणाऱ्या कुटुंबांना हिरड्याचं उभं झाड तोडलेल्यापेक्षा जास्त देतं, आणि हिरडा शेकरूच्याही खाण्यातला आहे. त्याला खात्रीचा भाव मिळणं हा या पट्ट्याच्या संरक्षणाचाच भाग मानायला हवा.

यासाठी नवा कायदा लागत नाही. जैविक विविधता अधिनियम 2002 खाली स्थानिक जैवविविधता समित्या आहेत, लोक जैवविविधता नोंदवही आहे, आणि याच कायद्याने जागेला जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर करता येतं. 2021 साली आंबोलीला हिरण्यकेशीतल्या एका छोट्या माशासाठी ते झालं: मासा ज्या पाण्यात राहतो ते पाणीच राखलं गेलं. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या गावांना व्यवस्थापन आराखडा करता येतो. त्यात ओढ्याकाठची ताम्हणं घेराप्रमाणे, शेकरूची ताजी घरटी आणि छतातल्या फटी अशा तीन नोंदी घातल्या तरी सुरुवात होईल. पहिल्या फेरीला सर्वांत योग्य दिवस एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मिळतात: ताम्हण फुललेलं असल्याने लांबून ओळखू येतं, पानझडी झाडांची नवी पालवी अजून दाट झालेली नसल्याने घरटी दिसतात, आणि वळवाचे जोरदार पाऊस अजून यायचे असतात.